रिकाम्या गावांची छायाचित्रं

जुलै १८७८. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हायडा ग्वाय बेटांवर, स्किडगिट गावासमोर, जॉर्ज मर्सर डॉसन यांनी कॅमेरा उभा केला. डॉसन भूगर्भशास्त्रज्ञ होते. वय अठ्ठावीस. लहानपणी मणक्याचा क्षय झाल्यामुळे उंची खुंटलेली आणि पाठीला बाक आलेला. सरकारी सर्वेक्षणासाठी खडक आणि कोळसा बघायला आलेल्या या माणसाने त्या उन्हाळ्यात तिथल्या हायडा या मूळ रहिवाशांच्या गावांची जी छायाचित्रं काढली, ती या किनाऱ्याच्या सर्वात जुन्या चित्रांपैकी आहेत.

चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा, त्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, मागे फळ्यांची रुंद, बसकी घरं. घरांपुढे सीडरच्या अख्ख्या खोडात कोरलेले स्तंभ एकापुढे एक उभे. काही स्तंभांच्या बुडाशी गोलसर भोक दिसतं, ते घराचं दार. म्हणजे पाहुणा आत शिरायचा तो त्या घराण्याच्या कुलचिन्हांच्या पोटातूनच. कावळा, गरुड, अस्वल, किलर व्हेल ही ती चिन्हं. मिशनऱ्यांनी या स्तंभांना मूर्ती मानलं, पण त्यांची पूजा कधीच होत नव्हती. कोणत्या घराण्याला कोणतं चिन्ह लावायचा हक्क आहे, तो कुठून आला, हे त्यावर कोरलेलं असे. काही स्तंभांच्या माथ्यावरच्या पेटीत मृत प्रमुखाचे अवशेष ठेवत. अशा स्तंभांना इंग्रजीत ‘टोटेम पोल’ म्हणतात, पण ‘टोटेम’ हा शब्दसुद्धा इथला नाही, तो पूर्वेकडच्या ओजिब्वे भाषेतून आला.

या चित्रांत माणसं मात्र शोधावी लागतात. डॉसन यांच्यामागून १८८१ मध्ये एडवर्ड डॉसेटर आले, १८८४ मध्ये व्हिक्टोरिया शहरातले रिचर्ड मेनार्ड आले. त्यांच्याही कित्येक चित्रांत स्तंभ दाट आणि माणसं विरळ. ही चित्रं शहरांत विकली गेली, संग्रहांत गेली, आणि पाहणाऱ्यांनी त्यांतून एकच अर्थ काढला: हे लोक संपत आले आहेत. हा अर्थ इतका पक्का बसला की पुढची पन्नास वर्षं त्याच्याच आधारावर गावं लुटली गेली. म्हणून त्या रिकामेपणाची कारणं नीट बघायला हवीत.

पहिलं कारण भयंकर आहे. मार्च १८६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजातून देवीची साथ व्हिक्टोरियात पोचली. शहराच्या कडेला उत्तरेकडच्या जमातींचे हजारो लोक व्यापारासाठी तळ देऊन होते. अधिकाऱ्यांनी त्यांना हाकललं, त्यांच्या झोपड्या जाळल्या. रोग अंगावर घेऊन ते होड्यांतून शेकडो मैल दूर आपापल्या गावी निघाले आणि वाटेतल्या प्रत्येक वस्तीत देवी पोचली. कधीकाळी कित्येक हजार असलेले हायडा लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहाशेच्या आसपास उरले. उरलेल्यांनी आपली गावं सोडली आणि स्किडगिट व मॅसेट इथे एकत्र राहायला सुरुवात केली.

दुसरं कारण अगदी साधं, आणि माझ्या मते तेच सर्वात जास्त दुर्लक्षित राहिलं. ही हिवाळी गावं होती. उन्हाळ्यात माणसं सामन मासे पकडायला, फळं-कंदमुळं गोळा करायला दुसरीकडे मुक्कामाला जात आणि थंडीत परतत. समुद्र शांत असतो तो उन्हाळ्यात, त्यामुळे कॅमेरेवालेही नेमके तेव्हाच येत. घरं बंद दिसली, कारण घरातली माणसं कामावर गेली होती.

हा गैरसमज किती महागात पडला ते १८९९ मध्ये दिसलं. सिएटलचे काही प्रतिष्ठित व्यापारी जहाजाने अलास्काची सफर करून परतत होते. अलास्कातल्या ट्लिंगिट लोकांच्या टाँगस गावात त्यांना घरं निर्मनुष्य दिसली. त्यांनी एक स्तंभ तोडला, नेताना दोन तुकडे केले आणि सिएटलच्या भर चौकात उभा केला. गावकरी मासेमारीला गेले होते. तक्रार झाली, प्रकरण ५०० डॉलरवर मिटवलं गेलं, स्तंभ मात्र परत मिळाला नाही. त्याच उन्हाळ्यात रेल्वे-उद्योगपती हॅरिमन यांच्या अलास्का मोहिमेने ट्लिंगिट लोकांच्याच केप फॉक्स गावातले स्तंभ उचलले. त्या मोहिमेचे छायाचित्रकार होते एडवर्ड कर्टिस. इकडे हायडा ग्वायमध्ये डॉ. चार्ल्स न्यूकोम छायाचित्रंही काढत होते आणि संग्रहालयांसाठी स्तंभही मिळवत होते.

नवे स्तंभ तरी का उभे राहिले नाहीत? कारण कॅनडात १८८५ पासून पॉटलॅच या मेजवानीच्या समारंभावर कायद्याने बंदी होती. स्तंभ उभारायचा तर पॉटलॅच द्यावाच लागे. पाहुणे बोलवायचे, घराण्याचा हक्क त्यांच्यासमोर सांगायचा, आणि साक्षीला आले म्हणून त्यांना भेटी द्यायच्या. साक्षीदारच जमवता येत नसतील तर स्तंभ उभा करून उपयोग काय? ही बंदी १९५१ पर्यंत टिकली. मॅसेटमध्ये १९६९ साली बावीस वर्षांच्या रॉबर्ट डेव्हिडसनने स्तंभ कोरून उभा केला, तेव्हा तिथे जवळजवळ नव्वद वर्षांत असं काही घडलं नव्हतं.

नेलेल्यातलं थोडंफार आता परत येतं आहे. केप फॉक्सचे स्तंभ २००१ मध्ये परतले. १९२९ मध्ये, लोक शिकार-मासेमारीला गेलेले असताना, याच किनाऱ्यावरच्या निस्गा लोकांचा एक स्मृतिस्तंभ काढून एडिंबरोच्या संग्रहालयाला विकला गेला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तो नास नदीच्या खोऱ्यात घरी पोचला.

त्या जुन्या चित्रांचं मोलही आता वेगळं झालं आहे. १९००-०१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जॉन स्वॉन्टन यांनी हायडा वडीलधाऱ्यांकडून गावोगावच्या घरांची नावं विचारून लिहून घेतली होती. हायडा लोकांनी प्रत्येक घराला नाव दिलेलं असे. ती यादी आणि जुनी छायाचित्रं शेजारी ठेवून अभ्यासकांनी एकेक घर ओळखलं, कुठल्या स्तंभामागे कोण राहत होतं हे लावलं. स्गांग ग्वाय हे दक्षिण टोकाचं गाव आज जागतिक वारसास्थळ आहे. तिथले उरलेले स्तंभ पावसात हळूहळू मातीला मिळताहेत, आणि हायडा लोक पहारेकरी म्हणून दर उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला असतात. तिथल्या एका घराचं नाव असं होतं: ‘या घराचा धनी येईल त्याला जेवू घालतो, म्हणून लोकांना झोपेतही या घराची आठवण येते.’