कार्ड रीडरला कार्ड दिसत नाही म्हणजे नक्की काय होतं?

चवथीच्या तिसऱ्या दिवशी फोंड्याहून मामेभावाचा फोन आला, "दादा, रीडरात कार्ड घालतो तर कॉम्प्युटरवर कायच येत नाही, कॅमेऱ्यात घालून फॉर्मॅट मारू काय?" मी आधी त्याला तेच सांगितलं, फॉर्मॅटला हात लावू नको. कॅमेऱ्याच्या त्या एसडी मेमरी कार्डात घरच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या आराशीचे, फोटो होते, नारळ, सुपारीचे घड, तोरिंगणं, आंबाडे, आणि ते सगळं बांधणारे ऐंशीच्या घरातले मामा. क्विक फॉर्मॅट मारला की फोटो बहुतेक वेळा तसेच राहतात, फक्त त्यांची यादी जाते, पण त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मग ते परत मिळणं कठीण.

"दिसत नाही" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या बिघाडांना वापरतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. रीडर कॉम्प्युटरशी बोलतोय का, कार्ड रीडरशी बोलतंय का, आणि कार्डावर जे लिहिलंय ते कॉम्प्युटरला वाचता येतंय का, हे तीन प्रश्न वेगळे आहेत.

पहिला झटपट निघतो. कार्ड न घालता नुसता रीडर लावा, रिकामा ड्राइव्ह किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) नाव आलं तर युएसबीची बाजू ठीक आहे. नाही आलं तर दुसरा पोर्ट, दुसरी केबल, आणि मधे युएसबी हब असेल तर तो काढून थेट लावायचं. मग अदलाबदल करायची, तेच कार्ड कॅमेऱ्यात, दुसरं कार्ड याच रीडरात. आमच्याकडे कार्ड कॅमेऱ्यात मस्त चालत होतं आणि त्या रीडरात कुठलंच कार्ड चालत नव्हतं, म्हणजे दोष कोणाचा ते कळलं. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून फोटो आधी उतरवून घ्यायला सांगितलं, दुरुस्ती नंतर.

आता दुसरा प्रश्न, आणि मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. मोठ्या एसडी कार्डाच्या पाठीवर साधारण नऊ सोनेरी पट्ट्या असतात, मायक्रो एसडीला आठ. कार्ड आत गेलं की बऱ्याच रीडरात एक बारीकशी पत्ती दाबली जाते, त्यावरून रीडरला कळतं की कोणीतरी आलंय. मग तो ३.३ व्होल्टच्या आसपास वीज देतो आणि ४०० किलोहर्ट्झच्या आत, म्हणजे अगदी सावकाश, कार्डाला विचारतो, तू कोण, किती व्होल्टवर चालतोस, तयार झालास का. ही सगळी ओळख आदेशाच्या एकाच तारेवरून होते, आणि कार्डाची साइजसुद्धा तिथूनच कळते. म्हणून ही आदेशाची पट्टी किंवा वीजेची पट्टी टेकली नाही तर काहीच उमटत नाही, आणि डेटाची पट्टी टेकली नाही तर कधीकधी साइज दिसते पण फाइल उघडताना अडकतं. लक्षणावरून जागा ओळखता येते ती अशी.

भावाचा रीडर मी दुसऱ्या दिवशी टॉर्च आणि भिंगाखाली धरला. कार्डाच्या पट्ट्यांना टेकणाऱ्या आतल्या नऊ पत्त्यांपैकी आठ सारख्या वाकून वर आलेल्या, एक जरा खाली बसलेली आणि तिच्या टोकावर हिरवट ठिपका. सोनं गंजत नाही हे खरं, पण इथे सोन्याचा थर फार पातळ असतो आणि घासून गेला की खालचा निकेल आणि तांबं उघडं पडतं, त्यात आपला पावसाळा, चपलांना बुरशी येते तिथे ही पत्ती काय टिकणार, आणि किनाऱ्याजवळच्या घरात हवेतलं मीठही असतंच.

कापसाची काडी आत खुपसू नका, धागा पत्तीत अडकून ती वाकते. कार्डाच्या पट्ट्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं मऊ कापड फिरवायचं, पूर्ण सुकू द्यायचं, आणि मग रीडर कॉम्प्युटरपासून काढून कार्ड दहाबारा वेळा आतबाहेर करायचं, पत्ती पट्टीवर घासत जाते तसा मळ निघतो. आमच्या रीडरात त्यानंतर कार्ड बोटाने किंचित दाबलं की लागायचं, सोडलं की जायचं, म्हणजे ती पत्ती थकलेलीच होती. मी तो बाद केला. मायक्रोचा अडॅप्टर वापरत असाल तर तोही बदलून बघा, त्यात कुठलीही चिप नसते, नुसत्या तारा, आणि त्या सैल होतात.

स्वच्छ करूनही लागत नसेल तर रीडर जुना आहे का बघा. २००६ मध्ये एसडीएचसी हा मोठ्या कार्डांचा प्रकार आला, तो ३२ जीबीपर्यंत जातो, आणि त्याआधीचे रीडर ओळखपाळखीत मोठ्या कार्डांची तयारी सांगतच नाहीत, मग कार्ड "अजून तयार नाही" म्हणत बसतं. कार्डही चांगलं, रीडरही चांगला, भाषा जुळत नाही एवढंच.

तिसरा प्रश्न, कार्डावरचं वाचता येतंय का, बऱ्याचदा २००९ मध्ये आलेल्या एसडीएक्ससी या आणखी मोठ्या कार्डांत येतो, ३२ जीबीच्या वरची ही कार्डं सहसा एक्सफॅट नावाच्या फाइली मांडण्याच्या पद्धतीत येतात आणि जुन्या सिस्टिमला ते कळत नाही, म्हणून ती "फॉर्मॅट करू का" असं विचारते. तिथे नाही म्हणा आणि कार्ड नव्या कॉम्प्युटरला लावा. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटही बघून ठेवा, कधीकधी कार्ड तिथे असतं पण त्याला ड्राइव्हचं अक्षरच (E:, F: असं) मिळालेलं नसतं, ते दिलं की लगेच दिसतं.

मामांचे फोटो आता दोन ठिकाणी आहेत, आणि भावाने सिलिका जेलच्या पुड्या घातलेला डबा केलाय, कार्डं आणि नवा रीडर त्यातच राहतात.