पाय कापायची वेळ का येते?

मधुमेही माणसाच्या तळपायाला जखम झाली की घरचे आधी विचारतात, ‘केवढी आहे?’ जाणता डॉक्टर मात्र जखमेबरोबर पायाची नाडीही चाचपतो.

जखम होण्यामागे बहुतेकदा बधिरपणा असतो. तो ओळखायची चाचणी अगदी साधी. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात; रुग्णाने डोळे मिटलेले. तंतू वाकला तरी कळलं नाही, तर पायाची राखण करणारी संवेदना गेली. मग देवळाच्या आवारातली तापलेली फरशी, ब्लेडने घरीच तासलेलं कुरूप, चपलेतून घुसलेला खिळा, काहीच जाणवत नाही. उंदीर कुरतडून गेला तरी सकाळी अंथरुणावरचं रक्त पाहूनच कळतं. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी नेमकं हेच दाखवलं होतं: बोटं झडतात ती मुख्यतः न जाणवलेल्या इजांमुळे.

पण बधिर पायाची जखमही भरते, रक्त पोहोचत असेल तर. पाय जातो तो मुख्यतः रक्त कमी पडल्याने आणि संसर्गाने. दोन्ही एकत्र आले तर फारच लवकर.

रक्तपुरवठा जोखायला घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली गेलं तर धमन्या अरुंद झाल्या असं समजतात. मधुमेहात इथेच फसगत होते. धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या इतक्या कडक होतात की पट्टा फुगवला तरी दबत नाहीत. आकडा १.४ च्या वर जातो, घरच्यांना रिपोर्ट छान वाटतो आणि पाय उपाशीच असतो. म्हणून पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब बघावा लागतो. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल, तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त पोहोचवल्याशिवाय जखम भरण्याची आशा फार कमी. नुसत्या ड्रेसिंगवर महिने घालवणं म्हणजे पाय घालवणं.

संसर्ग साधारण निम्म्या जखमांत होतो. बोथट सळई जखमेत घातल्यावर टणक काही लागलं, तर हाडातही पू झाल्याचा दाट संशय. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये. पाय सडत असतानाही कित्येकांना ताप येत नाही.

डायलिसिसवरच्या रुग्णांना धोका खूपच जास्त. बिडी-सिगारेट धमन्या आणखी आवळते. ‘आधी शुगर खाली येऊ दे, मग पायाचं बघू’ हे वाक्य तर मला सगळ्यांत महागडं वाटतं, कारण संसर्ग असेपर्यंत शुगर सहसा खाली येतच नाही.

एकदा बोट किंवा पाय कापावा लागला की पुढचा धोका वाढतो: चालण्याचा भार बदलतो आणि दुसऱ्या पायातल्या धमन्याही त्याच माणसाच्या असतात. अशा रुग्णांचे पाय दर एक ते तीन महिन्यांनी तपासावेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.