ऋण प्राप्तिकर : परदेशी रहिवासी आणि भ्रष्टाचार

ठरावीक मर्यादेपेक्षा कमी कमावणाऱ्याकडून कर घेण्याऐवजी करखात्याने त्यालाच पैसे द्यायचे, अशी करयोजना. ‘नकारात्मक आयकर’ असेही तिला म्हणतात. ब्रिटनमध्ये लेखिका व राजकारणी ज्युलिएट ऱ्हीस-विल्यम्स यांनी १९४०च्या दशकात या धर्तीची कल्पना मांडली. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ पासून तिचा हिरिरीने पुरस्कार केला. अमेरिकेत १९६८ नंतर चार मोठे प्रयोग झाले, पण पूर्ण योजना तिथे कायदा होऊ शकली नाही. भारतातही ती लागू नाही. या नोंदीतील हमी रक्कम व दर नमुन्यादाखल घेतले आहेत आणि उदाहरणे मुख्यतः सांगली जिल्ह्यातील आहेत.

हिशेब

हमी रक्कम वर्षाला ४८,००० रु. आणि घटीचा दर, म्हणजे कमाईच्या प्रत्येक रुपयामागे हमीतून होणारी वजावट, ५० टक्के धरू. ज्याची कमाई शून्य, त्याला पूर्ण ४८,००० मिळतात. कुपवाडच्या एमआयडीसीत हंगामी काम करून ३६,००० कमावणाऱ्याचे १८,००० वजा होऊन ३०,००० मिळतात. हातात एकूण ६६,००० येतात. ९६,००० रुपयांना देणे-घेणे शून्य होते आणि त्यापुढे नेहमीचा कर सुरू होतो. हे सूत्र सोपे आहे. अवघड आहे ते त्यात घालायचे उत्पन्न.

उत्पन्न मोजायचे कसे

शेती उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. करपात्र उत्पन्न हाच आधार धरला, तर तासगावचा १० लाखांची द्राक्षे विकणारा बागायतदार कागदावर शून्य उत्पन्नाचा ठरतो आणि पूर्ण हमी रकमेवर हक्क सांगू शकतो. म्हणून शेती उत्पन्नावर कर नसला तरी ते गणनेत धरावे लागते. उसाचे बिल कारखान्याकडून बँकेत येते, तेव्हा ते दिसते. दूध संघाचे बिलही दिसते. हळदीच्या सौद्यात अडत्याची पट्टी असते, पण बांधावर रोखीने विकलेल्या मालाची नोंद कुठेच नसते. एकरी ठोक उत्पन्न धरावे, तर कृष्णाकाठचा वाळव्यातला एक एकर आणि जतमधला कोरडवाहू एकर एकाच मापात बसत नाहीत. शिवाय द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, तर आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. एकाच बागेचा पैसा दोन वर्षांत विभागला जातो. तीन वर्षांची सरासरी हा त्यातल्या त्यात बरा उपाय, पण अवकाळी पावसाने बाग गेली त्याच वर्षी पैसे हवे असतात आणि सरासरी नेमकी तेव्हाच आडवी येते.

ऊसतोडीत गोष्ट उलटी आहे. मराठवाड्यातून येणाऱ्या टोळीची उचल आणि मजुरी मुकादमामार्फत फिरते. एका ‘कोयत्या’ने, म्हणजे जोडप्याने, काय कमावले याची नोंद त्यांच्या नावावर क्वचितच असते. कागदावर मुकादम श्रीमंत आणि मजूर शून्यावर दिसतो.

भ्रष्टाचार : जागा बदलतो

फ्रीडमन यांचा युक्तिवाद असा, की अनेक योजना व त्यांच्या अनेक खिडक्यांऐवजी एकच विवरणपत्र राहील, पात्रता ठरवणारा अधिकारी मधून जाईल आणि त्याच्याबरोबर चिरीमिरीही. यात तथ्य आहे. आज उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्याचा अहवाल, सेतूतला अर्ज आणि तहसील कार्यालयाची मंजुरी अशी वाट असते, आणि दाखल्यावरचा आकडा पुष्कळदा अंदाजाने, मर्यादेच्या जरासा आत बसवलेला असतो. ‘लाडकी बहीण’ योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रु. आहे. २,४९,००० असेल तर वर्षाचे १८,००० रु. मिळतात, २,५१,००० असेल तर काहीच नाही. अशा कड्यावर एका आकड्याची किंमत १८,००० असते. ऋण प्राप्तिकरात कडा नाही, उतार आहे. २,००० चा फरक फक्त १,००० रुपयांचा पडतो. एका सहीमागची लाच त्यामुळे लहान होते.

मात्र ती देऊ पाहणारे वाढतात. मर्यादेच्या योजनेत खोटे बोलण्याचा फायदा मर्यादेच्या वरच्यांनाच असतो. इथे पहिल्या रुपयापासून प्रत्येक लपवलेल्या हजारावर ५०० मिळतात. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे सहसा कर पडत नाही, त्यामुळे रोजंदारीवरच्या माणसाला आज काही लपवण्याचे कारण नाही. ऋण प्राप्तिकरात तेच कारण तयार होते. मालक आणि कामगार दोघांनाही हजेरीपटावर कमी पगार दाखवणे सोयीचे पडते. अमेरिकेतल्या वरील चारपैकी गॅरी आणि सिअ‍ॅटल-डेन्व्हर येथील प्रयोगांची पुढे पगाराच्या स्वतंत्र नोंदींशी पडताळणी केली, तेव्हा कमाई कमी सांगितल्याचे आढळले; लोकांनी काम कमी केले असे जे दिसत होते, त्यातला काही भाग न सांगितलेल्या कामाचा होता. १९७५ पासून अमेरिकेत चालू असलेली अर्जित उत्पन्न करसवलत (कमी कमाईच्या कामकऱ्यांसाठीची) वेगळ्या घडणीची आहे. तिच्यात सुरुवातीच्या टप्प्यात जास्त कमावले तर जास्त मिळते, म्हणून स्वयंरोजगारी लोकांत न कमावलेले दाखवण्याचा कल दिसतो. थोडक्यात, सूत्र जिकडे झुकते तिकडे खोटेपणा झुकतो.

एकक कुटुंब ठेवले तर तिसरी वाट उघडते : शिधापत्रिका विभक्त करून एका चुलीची दोन कुटुंबे दाखवणे. ही कला गावोगाव अवगत आहेच.

परदेशी रहिवासी

करकायदा नागरिकत्व पाहत नाही, वास्तव्य पाहतो. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला परदेशी माणूस प्राप्तिकरासाठी रहिवासी ठरतो; आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरले असतील तर सर्वसाधारणपणे ६० दिवसही पुरतात. ऋण कर याच व्याख्येवर बेतला तर तोही पात्र होतो.

यातली मोठी फट ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नसलेला’ या वर्गात आहे. नव्याने आलेल्या परदेशी व्यक्तीची पहिली दोन-तीन वर्षे बहुधा या वर्गात जातात आणि तिचे परदेशातले उत्पन्न सहसा इथे करपात्र नसते. पाचगणीत घर घेऊन परदेशात मिळणाऱ्या भाड्यावर आरामात राहणाऱ्याचे भारतीय उत्पन्न शून्य. सूत्राच्या लेखी तो भूमिहीन मजुराइतकाच गरीब. या वर्गाला वगळणे किंवा जगभरचे उत्पन्न जाहीर करायला लावणे, एवढे दोनच खरे मार्ग आहेत.

दुसरा प्रश्न दिवसांचा. महाबळेश्वरच्या हॉटेलात काम करून पावसाळ्यात घरी जाणारा नेपाळी कामगार १८२ च्या अलीकडे-पलीकडे असू शकतो. वास्तव्याच्या प्रमाणात हमी दिली, तर १८२ दिवसांना ४८,००० पैकी सुमारे २३,९३४ रु. येतात, ‘सगळे किंवा काहीच नाही’ ठेवले, तर एका दिवसाची किंमत ४८,००० होते. व्हिसावर आलेल्याच्या पासपोर्टवर येण्याजाण्याचे शिक्के असतात. नेपाळची सीमा १९५०च्या करारानुसार खुली, तिथे शिक्का नाही. मग पुरावा म्हणून उरतो मालकाचा किंवा घरमालकाचा लेखी दाखला, आणि लाचेची नवी खिडकी तिथेच उघडते.

नेदरलँड्समध्ये हे दोन्ही बाजूंनी घडले. तिथे करखातेच भत्ते आगाऊ देते आणि तपासणी नंतर करते. काही टोळ्यांनी बल्गेरियन नागरिकांना थोड्या काळापुरते डच पत्त्यांवर नोंदवून भत्ते काढले. २०१३ मध्ये हे उघड झाले. त्यानंतर तपासणी इतकी कडक झाली की हजारो पालकांवर बालसंगोपन भत्त्यात फसवणुकीचा खोटा ठपका बसला. त्यांत स्थलांतरित कुटुंबांचे प्रमाण मोठे होते, कारण दुहेरी नागरिकत्वाची नोंदही संशयासाठी वापरली गेली. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

परदेशी कामगारांना सरसकट वगळणे दिसायला सोपे आहे. अमेरिकेने १९९६ मध्ये आपल्या अर्जित उत्पन्न करसवलतीसाठी कामास वैध असा सामाजिक सुरक्षा क्रमांक सक्तीचा केला. त्याविना कर भरणारा स्थलांतरित कर देतो, सवलत मात्र घेऊ शकत नाही. प्रतीक्षाकाळ हा मधला पर्याय. अमेरिकेतले अलास्का राज्य तेलनिधीचा लाभांश देताना आधीचे पूर्ण वर्ष वास्तव्य मागते, पण जितकी वर्षे जास्त तितकी रक्कम जास्त ही तिथली मूळ योजना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये रद्द केली. भारतात असा वाद राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ पाशी येईल, कारण त्यातील समानता ‘व्यक्ती’ला आहे, केवळ नागरिकाला नाही.

वगळण्याचा एक परिणाम मजुरीवर होतो. सरकार भर घालते म्हटल्यावर मालक मजुरी दाबू शकतो. स्थानिक कामगाराची तूट ऋण करातून भरून निघते. त्याच वीटभट्टीवर त्याच दराने राबणाऱ्या अपात्र परदेशी कामगाराची निघत नाही.