कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ: तक्रार अर्ज कसा लिहायचा, कुणाकडे द्यायचा

'एचआरला सांगितलंय, बघू म्हणालेत' यातच कितीतरी जणींची मुदत निघून जाते. २०१३च्या कायद्यानुसार तक्रार लेखीच लागते, आणि तीही घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. प्रसंग पुन्हा पुन्हा घडले असतील तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायचे. उशिराचे कारण पटले तर तक्रारीची चौकशी करणारी समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

नोकरी कायम, कंत्राटी की रोजंदारीची, याने फरक पडत नाही. प्रशिक्षणार्थी मुलींनाही हा हक्क आहे. १० किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. अर्ज तिच्या अध्यक्षांच्या नावे करा. माणसे कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो. घरकाम करणाऱ्या बायकांनीही तिथेच जायचे. समितीचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारा.

खरा जीव मजकुरात हवा. 'साहेब नीट वागत नाहीत' एवढ्याने समितीच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहा: 'दि. १२ रोजी सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास मी स्टोअर रूममध्ये स्टॉक मोजत असताना श्री. ... यांनी दार लोटून माझा हात धरला. मी हात सोडवून बाहेर आले. तेव्हा काउंटरवर सौ. ... होत्या.' तारीख, वेळ, जागा, काय केले, काय बोलले, कोण हजर होते. बोललेले शब्द लिहायला लाज वाटते, पण ते जसेच्या तसे लिहा. लाज वाटायची तर ती बोलणाऱ्याला.

अर्जाच्या ६ प्रती, सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट, ईमेल आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यावे लागतात. फोनवरचे मूळ मेसेज पुसू नका. आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. लिहिता येत नसेल तर अर्ज लिहायला मदत करणे समितीवर बंधनकारक आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणी मागतच नाहीत: चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा. ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. मात्र ती लेखी मागावी लागते, म्हणून याच अर्जात शेवटी मागून टाका.

अर्जाची प्रत ७ कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला जाते, त्याने १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे आणि समितीने चौकशी ९० दिवसांत संपवायची. समेट फक्त तुम्ही मागितला तरच, आणि पैसे घेऊन तर नाहीच. 'सिद्ध झाले नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल' असे कुणी घाबरवत असेल तर ऐकू नका: केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येते. पोलिसांत जायचा मार्गही खुलाच असतो. त्यासाठी समितीची परवानगी लागत नाही.