दोस्ती आणि जुळणी: संघ निवडताना होणारी गल्लत

नागपुरात कबड्डीच्या निवड चाचणीला मैदानाच्या कडेला उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर येतं: "पोरगं चांगलं आहे, पण टीममधी मिसळत नाही न भाऊ." तेवढ्यावर काटोल-उमरेडकडून आलेला एखादा अबोल मुलगा घरी जातो. हे ऐकून ऐकून आता संताप येतो. संघातल्यांशी दोस्ती असणं आणि आपला खेळ संघाच्या खेळाशी जुळणं, या गोष्टी वेगळ्या आहेत.

दोस्ती कशी दिसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरावानंतरचे तर्री पोहे, एका गाडीवर तिघं, ग्रुपवर दिवसभर गप्पा. चांगलंच आहे. सलग दोन सामने हरल्यावर ती उपयोगी पडते.

जुळणी मात्र चढाई सुरू झाल्याशिवाय दिसत नाही. डावा कोपरा बघा. चढाईपटूने बोनस गुणासाठी मागच्या रेषेपलीकडे पाय टाकला की कोपऱ्यावरचा गडी खाली झेपावून घोटा धरतो. नुसत्या घोट्यावर दमदार चढाईपटू थांबत नाही. तो धरणाऱ्याला ओढत मध्यरेषेकडे निघतो. हात रेषेला टेकला की पकडायला गेलेलाच बाद. म्हणून त्याच क्षणी शेजारच्या कव्हरने, म्हणजे कोपऱ्यालगत आत उभ्या असलेल्या गड्याने, अंगावर जाऊन त्याची परतीची वाट बंद करायची असते. आधी हलला तर चढाईपटू सावध होतो, उशीर झाला तर तो निसटतो. साखळीत, म्हणजे बचाव करणाऱ्यांनी एकमेकांचा हात धरलेला असताना, शेजाऱ्याचं वजन कुठल्या पायावर गेलं, हे चांगल्या कव्हरला हातातूनच कळतं. यात बोलण्याचा संबंध कुठे येतो? तो अबोल मुलगा हे उत्तम करत असेल, आणि सगळ्यांचा लाडका गडी साखळी सोडून एकटाच पुढे झेपावत असेल. टाळ्या मात्र त्या झेपेला पडतात. याची मला मनापासून चीड आहे.

खेळाच्या मानसशास्त्रात हा फरक जुना आहे. कॅरन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये संघाची एकजूट मोजण्यासाठी १८ विधानांची प्रश्नावली केली, तेव्हाच कामासाठीची एकजूट आणि आपसातला जिव्हाळा वेगळे धरले. पुढे २००२ च्या आढाव्यात दोन्हींचा कामगिरीशी संबंध आढळला, म्हणजे दोस्ती निरुपयोगी आहे असं कोणी म्हणू नये. पण ती नसली तर संघ बुडतो, हेही खरं नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या नौकेत सुवर्ण मिळवलेल्या जर्मनीच्या हान्स लेंक यांनी नंतर अशा नौकासंघांचा अभ्यास केला. आपसात उघड तणाव असूनही ते जिंकत होते.

आपल्या विदर्भाच्या क्रिकेटमध्येही हेच दिसतं. विदर्भाकडून खेळलेले फलंदाज वसीम जाफर मुंबईचा, करुण नायर कर्नाटकचा. बाहेरचा माणूस इथे रुळेल का, ही चर्चा दोघांच्याही वेळी कट्ट्याकट्ट्यावर ऐकली. जाफरने २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात विजयी धावा काढल्या, पुढच्या मोसमात हजारावर धावा केल्या. २०२५ च्या अंतिम सामन्यात नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध ३ बाद २४ अशी अवस्था असताना नायर आणि कोवळा दानिश मालेवार यांनी २१५ धावांची भागीदारी केली. ती मोडली तीही एका धावेच्या घोळात, नायर ८६ वर धावबाद. त्या धावबादवरून दोघांचं पटत नाही असा निष्कर्ष कोणी काढला नाही. कबड्डीत मात्र एक पकड चुकली की आपण लगेच मुलाच्या स्वभावावर घसरतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. महत्त्वाचं एवढंच की जुळणी सरावाने घडते, आणि चाचणीत अनोळखी मुलाला तो सराव मिळतच नाही. रोज एकत्र खेळणारी सहा पोरं आणि त्यांच्यात सातवा हा, दहा मिनिटांसाठी. मी निवड समितीत असतो तर त्याला निदान आठवडाभर एकाच कोपऱ्याच्या शेजारी खेळवलं असतं. पहिली पकड कोणी केली ते न बघता दुसरा गडी कधी पोचला ते लिहून ठेवलं असतं. आठवड्याच्या शेवटी तो वेळेवर पोचू लागला असेल, तर पोह्यांच्या गाडीवर तो गप्प उभा असतो की नाही हे मी विचारणारही नाही.