सिद्धार्थ उद्यान ते एकनाथ रंगमंदिर: एकत्र जमण्याच्या हक्काची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरात मध्यवर्ती बसस्थानकाला लागून सिद्धार्थ उद्यान आहे. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ इथलाच. दर 17 सप्टेंबरला मुख्यमंत्री इथे ध्वजारोहण करतात. उस्मानपुऱ्यात महापालिकेचं संत एकनाथ रंगमंदिर आहे. एक जागा मानवंदनेची, दुसरी करमणुकीची, असं आपण धरून चालतो. पण दोन्हींच्या मागे एकच मागणी आहे: चार माणसांनी उघडपणे एकत्र जमण्याची मुभा.

निजामी राजवटीत ती नव्हती. गश्ती निशाण 53 या हुकमामुळे साध्या सभेलाही आधी परवानगी लागे. कारभार उर्दूत, आणि 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतच. मराठीतलं नाट्य तगलं ते देवळाच्या आवारात. कीर्तनात, गोंधळात आणि मुख्य म्हणजे भारुडात. पैठणच्या एकनाथांनी (1533–1599) जोशी, वासुदेव, गोंधळी, विंचू चावलेली बाई अशी गावातली माणसं भारुडांत बोलती केली. भारूडकार कमरेचं उपरणं काढून डोक्यावर पदरासारखं घेतो आणि डोळ्यांदेखत बाई होतो. ना पडदा, ना नेपथ्य. या शहरातल्या रंगमंदिराला नाथांचं नाव दिलं, याहून योग्य नाव सापडलं नसतं.

1937 साली परतूरला हैदराबाद संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. पुढच्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या मुलांना वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायला मनाई झाली, आणि मुलं सत्याग्रहाला उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा त्यानंतर दहा वर्षं चालला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती पत्करली.

मग दारं भराभर उघडली. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. तिथले प्राध्यापक म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. 1955 मध्ये त्याचा प्रयोग खुद्द बाबासाहेबांसमोर झाला. माझ्या मते मराठवाड्याच्या आधुनिक रंगभूमीचा इतिहास सांगताना सुरुवात इथूनच करायला हवी. ज्यांना गावच्या चावडीतही मोकळेपणी बसता येत नव्हतं, त्यांची मुलं इथे रंगमंचावर उभी राहून हजारो वर्षांच्या अन्यायाचा जाब विचारत होती. हे नाटक केवळ हौसेचं नव्हतं.

राज्य नाट्य स्पर्धा मुंबई राज्यात 1954 मध्ये सुरू झाली, पण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथल्या हौशी संघांना ती वाट मोकळी झाली. 1958 मध्ये विद्यापीठ आलं, पुढे त्यात नाट्यशास्त्र विभाग. तालुक्या-तालुक्यांतून आलेली मुलं तिथे शिकली. ‘जिगीषा’सारखी नाट्यसंस्थाही याच शहरातली, तिथली मंडळी पुढे मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर गाजली.

या पोरांना घडवणारं एकनाथ रंगमंदिर मात्र मधे दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिलं. हौशी संघांना याची झळ सर्वाधिक बसते, कारण परवडेल अशी दुसरी मोठी जागा मिळत नाही. 17 सप्टेंबर जवळ आला की उद्यानात झाडलोट, रंगरंगोटीची लगबग सुरू होते आणि ती व्हायलाच हवी. रंगमंदिराच्या डागडुजीसाठीही महापालिकेने वर्षातली अशीच एक तारीख बांधून घ्यावी.