ब्रँडीचं वय बाटलीत वाढत नाही

परदेशातून येताना बाटली आणायची म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांचा हात व्हिस्कीकडेच जातो. ब्रँडीची ओळख एवढीच, की सर्दी झाली की गरम पाण्यात दोन चमचे, आणि बाकी वर्षभर औषधांच्या कपाटात पडून. (ती ऊबसुद्धा फसवी असते बरं का, अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी गरम वाटते आणि शरीरातली उष्णता उलट बाहेर पडते, त्यामुळे लहान मुलांना चाटवायची जुनी पद्धत असेल तर कृपया बंद करा.) त्यात आपल्याकडची स्वस्त ब्रँडी बरेचदा उसाच्या मळीच्या स्पिरिटची असते, द्राक्ष त्यात नावाला किंवा तेही नाही. म्हणून पॅरिसच्या ड्यूटी फ्रीमध्ये एकाच कंपनीच्या कोन्याक नावाच्या ब्रँडीच्या तीन बाटल्या शेजारी शेजारी दिसतात, व्हीएस, व्हीएसओपी आणि एक्सओ, आणि तिसरीची किंमत पहिलीच्या कितीतरी पट असते, तेव्हा हा फरक नक्की कशाचा हे कळत नाही आणि माणूस सगळ्यात चकचकीत बाटली उचलतो.

तर आधी कोन्याक. फ्रान्सच्या पश्चिमेला शारांत नदीच्या काठी याच नावाचं गाव आहे आणि त्याच्या आजूबाजूच्या ठरलेल्या पट्ट्यातल्या ब्रँडीलाच कोन्याक म्हणता येतं. तिथली जवळजवळ सगळी द्राक्षं उनी ब्लाँ जातीची, आणि त्यांची वाइन प्यायला खरं सांगायचं तर काही खास नाही, आंबट, पातळ, अल्कोहोल जेमतेम 9 टक्के. पण भट्टीला नेमकी अशीच लागते. आंबटपणामुळे ती हिवाळाभर टिकते, आणि ते गरजेचं असतं, कारण सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवायचं रसायन, घालायला तिथे बंदी आहे (भट्टीत त्याचा घाण वास उतरतो), आणि अल्कोहोल कमी म्हणजे तेवढीच ब्रँडी काढायला वाइन जास्त आटवावी लागते, त्यामुळे द्राक्षाचा वासही जास्त गोळा होतो. साधारण 9 लिटर वाइनमधून 1 लिटर ब्रँडी निघते.

भट्टी तांब्याची, आणि ती शोभेसाठी नाही, तांबं गंधकाची घाणेरड्या वासाची संयुगं धरून ठेवतं. गाळायचं दोनदा. पहिल्या खेपेला 30 टक्क्यांच्या आसपासचं गढूळसर पाणी निघतं, ते परत भट्टीत घालून दुसऱ्या खेपेला साधारण 70 टक्क्यांची स्वच्छ धार. ज्यांनी गोव्यात काजूची भट्टी बघितलीय त्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथेही आधी हुर्राक निघते आणि तिच्यात आंबवलेला रस मिसळून परत गाळलं की फेणी. फरक असा की आपल्याकडे पहिल्या धारेची म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात आणि कोन्याकवाला दुसऱ्या खेपेची पहिली धार सरळ बाजूला काढतो, कारण तिच्यात असिटाल्डिहाइड आणि एथिल असिटेट असतं, हे दुसरं म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं तेच. शेवटची जड, ओशट धारही नको. मधलीच ठेवायची, आणि कुठे कापायचं हे तापमान, अल्कोहोलचा मीटर आणि गाळणाऱ्याचं नाक यावर ठरतं. हे सगळं 31 मार्चच्या आत उरकावं लागतं, तसा नियमच आहे.

आता इथपर्यंत जे तयार झालं ते पाण्यासारखं रंगहीन आहे. पुढची सगळी करामत लाकडाची, आणि तुम्ही एक्सओला जे जास्तीचे पैसे मोजता ते या लाकडातल्या वेळाचे असतात, निदान असायला हवेत.

ओक लाकडाची पिंपं बनवताना आतून आगीवर शेकतात. त्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन मोडतं आणि व्हॅनिलिन तयार होतं, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य रेणू, म्हणून कोन्याकला व्हॅनिलाचा वास येतो, कोणी आत शेंग टाकलेली नसते. टॅनिनमुळे रंग आणि थोडा तुरटपणा येतो. लाकडातून हवा अगदी सावकाश आत येत राहते, तिच्यातला ऑक्सिजन टॅनिनला मवाळ करतो आणि वासाचे नवीन रेणू घडवतो. आणि आतून बाहेर? पाणी आणि अल्कोहोल दोन्ही उडून जातं, वर्षाला साधारण 2 टक्के, त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. हिशोब केला तर 20 वर्षांत पिंपातलं जवळपास एक तृतीयांश हवेत गेलेलं असतं. या वाफेवर एक काळी बुरशी वाढते, कोन्याकच्या गोदामांच्या भिंती आणि छपरं त्यामुळे काजळी धरल्यासारखी काळी दिसतात, शास्त्रीय नाव बाउडोइनिया कॉम्प्नियासेन्सिस, त्यातलं पहिलं नाव बोदुआँ नावाच्या फार्मासिस्टवरून, त्याने 1870 च्या दशकात तिची दखल घेतली होती.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे गोदामाची ओल. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की माठातलं पाणी उडतच नाही. पिंपाचंही तसंच होतं. नदीकाठच्या दमट गोदामात पाणी उडायला कचरतं पण हवेत अल्कोहोलची वाफ जवळपास नसते म्हणून अल्कोहोल निवांत निघून जातं, मग वर्षं जातील तशी ब्रँडी सौम्य आणि गोलाईदार होते. कोरड्या गोदामात पाणी जास्त जातं, दारू कडक राहते आणि लाकूड जास्त जाणवतं. एकच दारू, एकच लाकूड, फक्त खोली वेगळी!

दहाएक वर्षांपुढे आणखी एक प्रकार सुरू होतो. द्राक्ष आणि यीस्टमधून आलेली फॅटी आम्लं ऑक्सिजनने हळूहळू मोडून कीटोन बनतात, याच कुळातले कीटोन ब्लू चीजच्या वासातही असतात, आणि ब्रँडीला अक्रोड, मश्रूम, जुन्या लाकडी पेटीसारखा एक खोल वास येतो, त्याला रान्सिओ म्हणतात. हा घाई करून आणता येत नाही. रंग आणता येतो, कॅरॅमल घालून. गोडवा आणता येतो, साखर घालून. लाकडाचा वाससुद्धा ओकच्या अर्काने थोडा आणता येतो, आणि कोन्याकच्या नियमात हे तिन्ही मर्यादेत चालतं. त्यामुळे गडद रंग म्हणजे जुनी, हे डोक्यातून काढून टाका.

मग लेबलवर बघायचं काय, तर व्हीएस म्हणजे मिश्रणातली सगळ्यात तरुण दारू किमान 2 वर्षं पिंपात राहिलेली, व्हीएसओपी 4, आणि एक्सओ 10. हा 10 चा नियम एप्रिल 2018 पासूनचा आहे, त्याआधी एक्सओला 6 वर्षं पुरायची, म्हणून कोणाच्या कपाटात 2015 ची एक्सओ असेल आणि तो म्हणत असेल की आता ही किती जुनी झाली असेल, तर काही झालेली नाही. काचेत लाकूड नाही आणि बूच घट्ट असेल तर हवाही नाहीच्या बरोबर, त्यामुळे बाटलीत भरली त्या दिवशीचं वय कायम. फिन शांपान्य असं लिहिलेलं असेल तर दारू चुनखडीच्या जमिनीच्या दोन सर्वोत्तम पट्ट्यांतली आणि त्यातली निम्मी तरी ग्रांद शांपान्य या पट्ट्याची. फेसाळणाऱ्या शॅम्पेनशी तिचा संबंध नाही, ती वेगळ्या भागातली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर क्रिस्टलच्या बाटलीतली एक्सओ सोडा आणि त्याच पैशात आर्मान्याक बघा. हे फ्रान्सच्या नैऋत्येला गास्कोन्यमधलं, बहुतेक वेळा कॉलम भट्टीत (उभ्या खांबासारख्या) एकदाच गाळलेलं, 52 ते 60 टक्क्यांवर निघणारं, त्यामुळे त्यात जड रेणू जास्त राहतात, तरुणपणी जरा रांगडं लागतं पण म्हातारपणी काय सुंदर होतं. मोठ्या जाहिराती नाहीत, लहान शेतकरी पुष्कळ, आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची बाटली सहज मिळते. फक्त फसू नका, समोर 1990 लिहिलं असेल तर मागच्या लेबलवर बाटलीत कधी भरली ते वाचा, 2000 साली भरली असेल तर ती 10 वर्षांची आणि 2020 साली भरली असेल तर 30 ची, वर्ष तेच असलं तरी माल वेगळा. स्पेनला जाणार असाल तर हेरेसची ब्रँडी, शेरीच्या पिंपातली, सोलेरा ग्रान रेसेर्वा लिहिलेली घ्या, किमतीच्या मानाने फार चांगली. सोलेरा म्हणजे जुन्या पिंपांत नवी दारू मिसळत जायची पद्धत, त्यामुळे तिथे लेबलवर अठराशे अमुक असं साल दिसलं तरी ते आतल्या दारूचं वय नसतं. आर्मेनियात येरेवानला 1887 पासून ब्रँडी होते, तिथली 10 किंवा 20 वर्षांची बाटली युरोपच्या मानाने खिशाला परवडते.

दुकानात चाखायला दिली तर गोल फुग्यासारखा ग्लास टाळा, त्याच्या मोठ्या पृष्ठभागावरून अल्कोहोलचा भपका आधी नाकात जातो आणि बाकी काही कळत नाही, ट्यूलिपच्या आकाराचा अरुंद तोंडाचा मागा. आणि पिऊन झालं की ग्लास लगेच परत देऊ नका, दहा मिनिटांनी रिकामा ग्लास हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, काचेला फक्त जड, सावकाश उडणारे रेणू चिकटलेले असतात, खरंच लाकडात राहिलेली ब्रँडी असेल तर व्हॅनिला, सुकं अंजीर, तंबाखू असं काहीतरी बराच वेळ येत राहतं, नाहीतर नुसता साखरेचा वास.

आणताना भारतात माणशी 2 लिटर ड्यूटीशिवाय चालतं, म्हणजे युरोपातल्या 700 मिलीच्या दोन बाटल्या आणि वर 500 ची एक आरामात बसते. मध्ये विमान बदलायचं असेल तर ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी घरी येईपर्यंत फोडू नका, आणि शहरातल्या दुकानातून घेतली असेल तर सरळ चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका. आणि हो, महाराष्ट्रात दारू जवळ ठेवायला परमिट लागतं आणि अशा दारूसाठी वय 25. घरी बाटली उभी ठेवा, आडवी नाही, 40 टक्के अल्कोहोल बुचाला खाऊन टाकतं. उघडल्यावर अर्ध्याच्या खाली गेली की आतली हवा वासाचं काम बिघडवायला लागते, तेव्हा उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, नाहीतर चार मित्र बोलवा.